आमची गाडी कुणाच्या बाजूची?

बीडमध्ये ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, 'गाव कोणतं?' आणि दुसरा, जरा दम खाऊन, 'बाजू कोणती?' पहिल्याचं उत्तर मी देतो. दुसऱ्याचं न देता मी नोकरीची बरीच वर्षं काढली आहेत. आमच्या संस्थेत दोन गट आहेत, गल्लीत दोन गणपती आहेत आणि कॉलनीत बोअर एकच असला तरी त्याच्यावर मतं दोन आहेत. मी दोन्ही गणपतींना वर्गणी देतो, दोन्ही गटांचा चहा पितो आणि बोअरचा विषय निघाला की फोन आल्यासारखं करतो. इतक्या जपून चालणाऱ्या माणसाच्या गाडीनं उघडउघड बाजू घेतली. ब्रेक दाबला की ती डावीकडे जायला लागली.

आधी थोडीच जायची. स्टिअरिंग कुणीतरी हळूच हातातून काढून घेतंय असं वाटायचं, मी ते परत घ्यायचो आणि गाडी थांबायची. पुढे तिची मतं पक्की होत गेली. पाय ब्रेकवर नुसता टेकला तरी तोंड डावीकडे, आणि जोरात दाबला तर अख्खा देह डावीकडे. पाय काढला की पुन्हा शहाण्यासारखी सरळ. म्हणजे चालताना तटस्थ आणि निर्णयाची वेळ आली की एका बाजूला. असे कार्यकर्ते मी भरपूर पाहिले होते, गाडी पहिल्यांदाच पाहत होतो.

आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगानं चालतात. त्यामुळे डावीकडे जाणं म्हणजे थेट बाजारात जाणं. सुभाष रोडला पुढं म्हैस आडवी आली म्हणून मी ब्रेक मारला, तर गाडी मेथीच्या हातगाडीला नाक लावून उभी.

"या सर, आत्ताच आलीय शेतातून. किती देऊ?"

गाडीनं आणलंय, मी आलो नाही, हे भर बाजारात सांगता येत नाही. दोन जुड्या घेतल्या. पुढच्या चौकात रिक्षा आडवी आली, तेव्हा भांड्यांच्या दुकानासमोर थांबलो. दुकानदारानं गल्ल्यावरून उठून स्वागत केलं. चाळणी घेतली. आमच्या घरात चाळण्यांचा संग्रह झाला, तो असा. एकदा तर ज्या विमा एजंटाला मी कितीतरी महिने चुकवत होतो, त्याच्या पायाशीच गाडी जाऊन थांबली. तो गहिवरला. "सर, स्वतःहून आलात!" त्या पॉलिसीचा हप्ता अजून चालू आहे.

बायकोला मात्र या दोषात फारसा दोष दिसेना.

"अहो, रोज मेथीपुढंच कामून ओढते? एखाद्या दिवशी साड्यांच्या दुकानापुढं ब्रेक मारा की."

बार्शी नाक्यावर कुत्रं वाचवायला गेलो आणि गाडी काळी-पिवळीची वाट बघणाऱ्या माणसांच्या घोळक्यात शिरली. मी काही बोलायच्या आत मागचं दार उघडलं गेलं, आधी गाठोडं आत आलं आणि त्याच्या मागून एक म्हातारी.

"नेकनूरला सोडतूस का रं बाळा? किती घेतूस?"

"मावशी, ही प्रायव्हेट गाडी आहे."

"मंग गर्दीत कामून घातलीस?"

उत्तर नव्हतं. पुढच्या फाट्यापर्यंत सोडलं. तिनं उतरताना हातावर वीस रुपये ठेवले आणि नेमके त्याच वेळी आमच्या संस्थेतले दोघे दुचाकीवरून गेले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या जोडधंद्याची चर्चा दोन्ही गटांनी एकमतानं केली. संस्थेच्या इतिहासात एवढं एकमत पहिल्यांदाच झालं.

गाडी ओढते ही बातमी फुटल्यावर सल्ल्यांची टंचाई राहिली नाही. आमच्या जिल्ह्यात टंचाई पाण्याची असते, सल्ल्याचे टँकर बारमाही चालतात. पहिला टँकर शेजारच्या अण्णांचा.

"सर, गाडी आणली तवा लिंबू-मिरची बांधली व्हती का?"

"बांधली होती."

"कोणत्या बाजूनी?"

"मधोमध."

"तिथंच घोळ झाला. आन् रात्री तोंड कुणीकडं करून लावता?"

"दक्षिणेकडं. गेट उत्तरेला आहे."

अण्णांनी पुढं काही विचारलंच नाही. डॉक्टर एक्स-रे पाहून नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसा चेहरा करून ते घरात गेले. त्या रात्रीपासून मी गाडी रिव्हर्समध्ये आत घेऊ लागलो. गाडीचं तोंड उत्तरेला झालं. ओढ डावीकडेच राहिली, फक्त कुंपणाची जाळी वाकली.

मग पंक्चरवाला. त्याच्या मते जगातले सगळे आजार हवेचे. त्यात तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. दोन बाजूंच्या टायरांत हवा कमीजास्त असली तर गाडी कमी हवेच्या बाजूला झुकते. पण त्याचा हवा मोजायचा मीटर भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असतानाच बत्तीस दाखवत होता. तो त्यानं टायरला लावला, तरी बत्तीस. काढून पुन्हा खिळ्याला लावला, बत्तीस.

"बघा, एकदम बरोबर हाय."

"मग ओढते कशानं?"

"हवा बरोबर हाय सर, टायर चुकीचं हाय."

त्याच्याकडे सेकंडहँड टायर विकायला होते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. पुढंही एक गोष्ट मला दिसत गेली. ज्याच्याकडे जे विकायला आहे, त्याला गाडीत नेमका तोच आजार सापडतो. टायरवाल्याला टायर, पत्रेवाल्याला चासी, आणि अलाइनमेंटवाल्याला अलाइनमेंट.

अलाइनमेंटचं दुकान संगणकाचं होतं. चारही चाकांना चकत्या लावल्या, पडद्यावर गाडीचं चित्र आलं आणि त्यात लाल आकडे पेटले. टो, कॅम्बर, कास्टर असे शब्द कानावर पडले. लाल रंग पाहून माझा रक्तदाब वाढला. पोरानं खाली वाकून दोन-चार नट फिरवले, आकडे हिरवे झाले, आणि बिल निघालं तेही हिरव्या शाईत.

"आता हात सोडून चालवा सर. रेषेत जाते."

खरोखर रेषेत गेली. मी खूश होऊन दुकानासमोर परत आलो, ब्रेक दाबला आणि गाडी त्यांच्या वॉटर कूलरकडे निघाली.

"अरे, ओढली की!"

पोरगं मनापासून चकित झालं. "पण सर, तुम्ही ब्रेक कामून मारलात?"

या प्रश्नात खरं म्हणजे सगळं निदान दडलेलं होतं. अलाइनमेंट बिघडली तर गाडी चालताना ओढते, ब्रेकची वाट बघत नाही. आमची फक्त ब्रेक दाबल्यावर ओढायची. पण बिल दिल्यानंतर माणसाची विचारशक्ती काही काळ काम करत नाही.

बांधकाम खात्यात असलेल्या एका परिचितांना मी हे सांगितलं. त्यांनी गाडीकडे न बघता रस्त्याकडे बघितलं.

"गाडीत दोष नाही सर, रस्त्यात गुण आहे. पाणी निचरून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करतात. डांबरी रस्त्याला साधारण दोन-अडीच टक्के. तुम्ही डाव्या अंगानं चालवता, मग गाडी डावीकडंच जाणार."

ऐकून ऊर भरून आला. ज्या जिल्ह्यात पाऊस पत्रिका पाठवूनही येत नाही, तिथं त्याच्या निचऱ्याची एवढी तयारी! पण हा उतारही ब्रेकची वाट बघत बसत नाही. शिवाय तो थोडीशी ओढ देतो, विमा एजंटापर्यंत पोचवत नाही.

आता फिजिक्सच्या सरांकडे जाणं भाग होतं. ते आमच्याच स्टाफरूममध्ये बसतात आणि कुणी काही विचारण्याची वाट बघत असतात. त्यांनी फळा मागवला.

"ब्लेझ पास्कल. 1623 ते 1662. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळ्या दिशांना सारखाच पोचतो. तुम्ही पेडल दाबलं, ब्रेक ऑइलवर दाब आला, तो डाव्या चाकाला जेवढा, तेवढाच उजव्याला. पूर्वी सळया आणि तारा असायच्या. प्रत्येक चाकाची तार वेगळी ताणलेली. तेव्हा गाड्या ओढायच्याच. म्हणून तर 1921 साली अमेरिकेतल्या ड्यूझनबर्गनं चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी बाजारात आणली."

"म्हणजे माझ्या गाडीला काय झालंय?"

"काहीच नाही. सिद्धान्तानुसार तुमची गाडी ओढूच शकत नाही."

मी खिडकीतून खाली पाहिलं. सिद्धान्ताविरुद्ध वागणारी गाडी सायकल स्टँडमध्ये उभी होती. ती तिथं लावलेली नव्हती, ब्रेक मारल्यावर तिथं गेली होती.

साडूंचा सल्ला सर्वांत छोटा होता. "विकून टाका." त्यांच्याकडे गिऱ्हाईकही होतं आणि योगायोगानं ते गिऱ्हाईक त्यांचा भाऊ होता.

शेवटी गॅरेज. मी रीतसर लक्षण सांगितलं, "ब्रेक मारला की डावीकडे ओढते." मेकॅनिकनं 'डावीकडे' एवढाच शब्द घेतला आणि पुढचं डावं चाक उघडलं. आतून एक पॅड काढून माझ्या नाकापुढं धरला.

"बघा, गेला की हा."

मला तो पॅड जाण्याआधी कसा असतो हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी गंभीरपणे मान हलवली. नवे पॅड आले. कॅलिपर साफ झालं. डिस्क घासून चकचकीत झाली. लोअर आर्मचे बुश गेलेत म्हणून तेही बदलले, तेही डावीकडचे. एवढं सगळं झाल्यावर डावं चाक असं काही सजलं होतं की उजव्या चाकाला बघवत नसावं. गाडी बाहेर काढली, ब्रेक मारला. आधी जेवढी ओढायची त्याच्या दुप्पट ओढली.

"नवीन पॅड हायेत सर," मेकॅनिक म्हणाला, "सेट व्हायला टाईम लागतो."

हे वाक्य ज्यानं शोधलं त्याचा पुतळा प्रत्येक गॅरेजसमोर उभारायला हवा. नव्या पॅडला डिस्कवर बसायला थोडं चालवावं लागतं, हे खरं आहे. पण या एका वाक्यावर मेकॅनिक गिऱ्हाइकाला पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत लांब ठेवू शकतो. नवी सून, नवा मुख्याध्यापक आणि नवा पॅड यांना सेट व्हायला वेळ द्यायचा असतो, असं समजून मी गप्प बसलो.

दिवाळीनंतर सासुरवाडीला अंबाजोगाईला गेलो. योगेश्वरीचं दर्शन घेतलं. सासरेबुवांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घालून 'सिटीतल्या मेकॅनिकांना काही येत नाही' असा सर्वसाधारण निकाल दिला. परतीला सामानात धारूरची सीताफळं होती. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ती मांडीवर घेऊन बसावं लागतं. ही जबाबदारी बायकोनं घेतली.

हे दिवस आमच्या रस्त्यांवर ऊसतोडीचे. जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयते, भांडी, पोरंबाळं आणि शेळ्या घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागलेली. ट्रॅक्टर, त्यामागं ट्रॉली, त्यामागं आणखी एक ट्रॉली. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असावा असा नियम आहे आणि ट्रॉलीला तो ठाऊक नाही. केजच्या पुढं अशाच एका ट्रॉलीमागं मी ब्रेक दाबला. गाडी डावीकडे निघाली, डांबर सोडून थेट कुणीतरी वाळत घातलेल्या बाजरीत गेली. सीताफळं पुढच्या काचेकडे आली.

बाजरीचा मालक बाजेवरून उठला. त्यानं शिवी द्यायला तोंड उघडलं, मग गाडीची चाकं बाजरीवरून दोनदा गेलेली पाहून विचार बदलला.

"आणखी एक चक्कर मारता का सर? मळणी व्हईन."

बायको मात्र हसली नाही. मांजरसुंब्याला चौक आला. इथं सोलापूर–धुळे महामार्ग आणि अंबाजोगाईकडून नगरला जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात, आणि इथून पुढं बीडच्या दिशेला घाट उतरावा लागतो.

"थांबवा. मी या गाडीत घाट उतरणार नाही. एसटीनं जाते."

"अगं, आलंच की घर."

"घर उजवीकडं हाय. ही गाडी डावीकडं जाते."

चौकाच्या थोडं अलीकडे लिंबाच्या झाडाखाली एक गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक जॅक आणि बाजेवर बसलेले एक पांढऱ्या दाढीचे चाचा. उभा जन्म ट्रॅक्टर आणि ट्रकखाली आडवं होऊन काढलेला माणूस. मी नेहमीची कथा लिंबू-मिरचीपासून सुरू केली. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"सर, कवा ओढती? नुसती चालताना, का ब्रेक दाबल्यावर?"

"फक्त ब्रेक दाबल्यावर."

"सोडला की सरळ?"

"एकदम सरळ."

"चला."

त्यांनी स्वतः गाडी घेतली. मोकळ्या सरळ रस्त्यावर थोडा वेग धरायचा, हळू ब्रेक मारायचा, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. परत येऊन गाडी झाडाखाली लावली आणि एकाही पान्याला हात न लावता ते पुढच्या डाव्या चाकाशी बसले. उलटा हात चाकाजवळ नेला आणि झटकन मागं घेतला. मग उजव्या चाकाशी गेले. तिथं हात निवांत ठेवला.

"या सर, तुम्ही बघा. पण डिस्कला लावू नका, भाजंल."

डाव्या चाकातून भट्टीची धग येत होती. उजवं चाक गार.

"डावं तापलंय, म्हणजे डाव्यातच बिघाड ना चाचा?" मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं.

चाचांनी बाजेवर बसकण मारली. "गाव कोणतं तुमचं?"

"पाटोदा तालुक्यातलं."

"मग बैलगाडी हाकली असंल. डाव्या बैलाचा कासरा ओढून धरला आन् उजव्याचा सैल सोडला, तर गाडी कुठं वळंल?"

"डावीकडं."

"मग दोष कोणत्या कासऱ्याचा?"

मी उत्तर दिलं नाही, पण माझ्या डोळ्यांसमोरून डाव्या चाकावर खर्च केलेलं सगळं बिल सरकत गेलं. डावं चाक तापलं होतं, कारण गाडी थांबवायचं काम तेवढं एकटंच करत होतं. उजवं गार होतं, कारण ते हजेरी लावून बसलं होतं. गॅरेजनं डाव्याला नवे पॅड घातल्यावर ते आणखी जोमानं काम करायला लागलं आणि ओढ दुप्पट झाली.

"चाक दोन कारणांनी तापतं," चाचा म्हणाले. "एक काम करून, दुसरं चिकटून. कॅलिपर चिकटून राहिलं तर ब्रेक नसतानाबी गाडी ओढती आन् तेच चाक जळतं. तुमची ब्रेक सोडला की सरळ. म्हणून हे कामानं तापलंय. आता आळशाला खोलू."

उजवं चाक निघालं. पॅड डिस्कवर दाबणारं कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढंमागं सरकायचं असतं, त्यातली एक पिन हातानं हलेना. तिच्यावरचं रबराचं बूट फाटलं होतं, आत पाणी आणि धूळ शिरून गंज धरला होता. चाचांनी त्यावर रॉकेल सोडलं, पान्यानं थोडं इकडं, थोडं तिकडं, असं फिरवत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग 'कर्र' असा आवाज आला आणि पिन केसभर हलली. तपकिरी चिखल बाहेर आला. पूर्ण बाहेर आल्यावर त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. बोटाएवढा लोखंडाचा तुकडा. याच्यापायी माझ्या घरात एवढ्या चाळण्या झाल्या होत्या.

पिस्टनही अर्धा जाम होता. ब्रेक ऑइलची टाकी उघडली तर आतलं ऑइल काळं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, तो ओलावा आतून गंज आणतो आणि ऑइल लवकर उकळायला लागतं. नवं 'डॉट 4' ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं ऑइल 155च्या आसपासही उकळू शकतं. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. हे ऐकल्यावर बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं, त्याला 155 अंश पुरले नसते.

पिन पॉलिश पेपरनं घासली, ग्रीस लावलं, नवं बूट चढवलं. जुना होज पाईप आतून फुगला होता, तो बदलला. दोन्हीकडचे पॅड सारखे असावेत म्हणून उजवीकडेही नवे घातले. मग ब्रेकची एअर काढायचा विधी. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या जुन्या बाटलीत, चाचा खाली आणि मी पेडलवर.

"मारा… मारा… मारा… धरा!"

मी धरलं. नळीतून बुडबुडे गेले.

"सोडा. मारा… मारा… धरा! सर, धरा म्हणलं की धरायचं, विचार करायचा नाय!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला इतक्या स्पष्ट सूचना देत होतं. बुडबुडे संपले, नळीतून स्वच्छ ऑइलची अखंड धार आली. चाक चढलं. रस्त्यावर जाऊन ब्रेक मारला. गाडी जिथं होती तिथंच थांबली, सरळ, कुणाच्याही दुकानासमोर नाही. बायको घाट उतरायला तयार झाली. सीताफळं मात्र तिनं हातातून सोडली नाहीत.

बीडला आल्यावर गाडी सरळ थांबायला लागल्याची बातमीही फुटली आणि श्रेय घ्यायला रांग लागली. अण्णा म्हणाले, "तोंड उत्तरेला केल्याचा गुण आला. टाईम लागतो." पंक्चरवाला म्हणाला, "मी तवाच म्हणलं व्हतं, चाकात काहीतरी हाय." अलाइनमेंटवाल्यानं ते अलाइनमेंटच्या खाती जमा केलं. गॅरेजवाला म्हणाला, "बघा, झाले का नाय पॅड सेट?" फिजिक्सचे सर सर्वांत खूश. "म्हणजे पास्कल बरोबरच होता! दाब दोन्हीकडे सारखाच जात होता, उजवीकडचं कॅलिपर हलत नव्हतं एवढंच." साडूंनी मात्र गाडी दुरुस्त झाल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. त्यांच्या भावानं दुसरी घेतली होती.

तेव्हापासून मी ओढीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. आमच्या संस्थेत परीक्षेचं सगळं काम एकच सर करतात. वेळापत्रकात काही चुकलं की त्यांनाच मेमो मिळतो, कारण सापडतात तेच. बाकीच्यांचा हात कुठंच लागलेला नसल्यानं त्यांच्या हातून चूकही होत नाही. लग्नघरात राबणाऱ्या वहिनीच्या भाजीत मीठ जास्त असतं. झोपाळ्यावर बसून पान लावणाऱ्या काकूंच्या पानात चुना कधी जास्त होत नाही. ग्रामपंचायतीत ज्याच्या वॉर्डात गटार खणलंय, त्याच्याच दारात लोक 'गटार नीट नाही' म्हणून जातात. ज्याच्या वॉर्डात खणलंच नाही, तो निवांत पारावर बसलेला असतो. ओढ नेहमी काम करणाऱ्याच्या बाजूला दिसते आणि आपण पाना घेऊन नेमके त्याच्याच मागं लागतो.

हे मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं, तर दोन्ही गटांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनाही वाटलं, मी त्यांच्याच बाजूनं बोलतोय.

तेव्हा वाचकहो, तुमची गाडी ब्रेक दाबल्यावर एका अंगाला ओढत असेल तर घाट लागायच्या आधी दाखवा. चारही टायरांची हवा खिळ्यावर शून्य दाखवणाऱ्या मीटरनं तपासा. चालताना ओढते की ब्रेक दाबल्यावरच, हे स्वतः बघून ठेवा. गाडी थांबवल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ उलटा हात नेऊन बघा. एक गरम आणि एक गार असेल तर दोन्ही चाकं उघडायला लावा, गार असलेलं आधी. पॅड बदलायचे ते जोडीनं, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी कितीही कमी चालली असली तरी. आणि 'कधी ओढते?' हे न विचारताच मेकॅनिकनं पाना उचलला, तर त्याच्या हातातून किल्ली परत मागून घ्या.